तोलाईदार अण्णा आणि ‘संसारासाठी झिजले’ म्हणणारे लोक

हळकुंड (धागाकर्ती)

आमचे आजोबा गेल्या महिन्यात गेले. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, आजीसुद्धा (समोर नाही, पाठीमागं). वय 84. आजारपण फार लांबलं नाही. हरिपूरला संगमावर दहावा झाला, कावळा लगेच शिवला, आणि मग चारचौघं बोलायला उभे राहिले. सगळ्यांनी थोड्याफार फरकानं तेच सांगितलं. अण्णा संसारासाठी झिजले, स्वतःसाठी म्हणून काही केलं नाही, पोराबाळांसाठी देह कष्टवला.

बोलणाऱ्यांच्या मनात चांगलंच होतं. पण मी मागं बसून ऐकत होते आणि डोळ्यांसमोर अण्णा येत होते, कसनुसं तोंड करून तंबाखू मळणारे. कारण खरं सांगायचं तर अण्णांना घर आवडायचं. कुणाला राजकारण आवडतं, कुणाला बैलगाडा शर्यत, कुणाला देऊळ. अण्णांना घरातली माणसं आवडायची. कोण किती जेवलं, कुणाची चप्पल तुटली, कोण अजून आलं नाही यात त्यांचा जीव रमायचा. त्याला त्याग म्हणणं मला पटत नाही. म्हणून हा धागा.

अण्णा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. हळदीत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकऱ्याचा माल अडत्याच्या दुकानात उतरतो, सौदा निघतो, भाव ठरतो, आणि मग प्रत्येक पोतं काट्यावर चढतं. त्या काट्यापाशी उभा राहून वजन पुकारणारा आणि लिहिणारा तो तोलाईदार. बारदान (म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन) वजा करायचं, आकडा पुकारायचा, पुढचं पोतं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, त्याच आकड्यावर बनते. राजापुरी हळदीचा सीझन भरात असला की सकाळी गेलेला माणूस रात्री परत यायचा तो पिवळा होऊन. भुवया पिवळ्या, कानाच्या पाळ्या पिवळ्या, टोपीची आतली पट्टीसुद्धा.

इतकी वर्षं काट्यापाशी काढल्यावर त्यांच्या हातालाच वजन कळायला लागलं होतं. घरात बाळ आलं की पहिल्यांदा अण्णांच्या हातात द्यायचं. ते दोन्ही तळव्यांवर घ्यायचे, जरा वरखाली करायचे आणि पुकारायचे, “दोन किलो आठशे. दुपट्याचं बारदान वजा.” माझ्या धाकट्या भावाच्या वेळी दवाखान्यातल्या कागदावर दोन सातशे नव्वद लिहिलेलं होतं. अण्णा म्हणाले, “त्यांचा काटा तपासाय सांगा.”

आम्ही शाळेत जायला लागलो तरी ते थांबलं नाही. महिन्यातून एकदा काखेत हात घालून उचलायचे. “ह्या महिन्यात वाढ न्हाई. काय खाईत न्हाई का गं पोरगी?” हे आईला. आईला राग यायचा, आणि त्या दिवशी ताटात एक भाकरी जास्त यायची. भाकरी कोण थापणार हे अण्णांनी विचारलेलं नसायचं, पण त्यावर नंतर येते.

मोजायची सवय सगळीकडं होती. धान्य-माल मोजताना आपल्याकडं पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. अण्णा आम्हा नातवंडांनाही तसंच मोजायचे. एसटीत चढताना डोक्यावर हात ठेवून, “लाभ, दोन, तीन, चार, पाच.” उतरताना परत. नरसोबाच्या वाडीला गेलो की घाटावर दर थोड्या वेळानं. आम्ही भांडायचो ते ‘लाभ’ कोण होणार यावरून. चुलत बहीण थोरली म्हणून हक्क सांगायची. (ती इथं वाचते. उत्तर देईलच.)

वेण्या घालायचे अण्णा. हे फार कमी लोकांना माहीत आहे. आजी पहाटेच कामाला जायची, आई आणि काकू स्वयंपाकात, मग आम्हा तिघी मुलींची डोकी अण्णांच्या ताब्यात. सीझन नसला की ते घरातून उशिरा निघायचे. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवावं तशी वेणी, इतकी घट्ट की डोळे ताणले जायचे, पण संध्याकाळपर्यंत एक केस इकडचा तिकडं नाही. शाळेत बाई विचारायच्या, वेणी कुणी घातली? आम्ही आईचं नाव सांगायचो. आजोबांचं सांगायला लाज वाटायची.

रविवारी गणपतीच्या देवळात. त्यांना देवापेक्षा देवळाचा हत्ती दाखवण्यात रस. गणेशोत्सवात मात्र चोर गणपतीची गोष्ट दर वर्षी नव्यानं सांगायचे, की सगळ्या गावाचा गणपती चतुर्थीला येतो आणि आपल्या सांगलीत त्याआधीच एक गुपचूप येऊन बसतो, ना वाजंत्री ना मिरवणूक. आम्हाला वाटायचं हे गुपित फक्त आमच्या अण्णांना माहीत आहे. मोठं झाल्यावर कळलं की सगळ्या सांगलीला माहीत आहे.

आता पुराचं. आमचं घर गावभागात. कृष्णामाई दारात म्हणजे तिचं सगळं सहन करायचं. पावसाळ्यात अण्णांचा कान सांगली आकाशवाणीला. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. 40 फुटाला इशारा पातळी, 45 ला धोका, हे सगळ्या सांगलीला पाठ असतं, पण अण्णांचं घरापुरतं वेगळं वेळापत्रक होतं. 40 ला धान्य माळ्यावर, 43 ला कागदपत्रं पिशवीत, 45 च्या आत म्हातारी माणसं आणि पोरं घराबाहेर. 2005 च्या पुरात पाणी 53 फुटांच्या पुढं गेलं. उतरल्यावर अण्णांनी भिंतीवर ऑइलपेंटनं रेघ मारली, शेजारी साल लिहिलं, आणि जे काही मोलाचं ते इथून पुढं या रेघेच्या वर ठेवायचं असा हुकूम काढला.

2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. रेघ बुडाली. आम्हाला बोटीनं बाहेर काढलं. बोटीतली माणसं घाई करत होती, वरून पाऊस, आणि 79 वर्षांचे अण्णा सगळ्यांच्या डोक्याला हात लावत मोजत होते. लाभ, दोन, तीन. एक कमी भरला. बोट थांबवली. माझा धाकटा भाऊ फोनचा चार्जर आणायला परत जिन्यावर गेला होता. त्या दिवशी अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा एका नातवाच्या कानाखाली वाजवली. आम्ही सगळे तिथून आत्याकडं तासगावला गेलो.

तर असे आमचे अण्णा. त्यांना संगीत कळत नव्हतं, पेपर ते मागच्या पानावरून वाचायचे, परदेश सोडा, मुंबईलाही जेमतेम गेलेले. दहाव्याला बोलणाऱ्यांना यात त्याग दिसला. मला वाटतं त्यांना दुसरं काही नकोच होतं. तुमच्याकडं होतं का कुणी असं? लिहा.

---

मिरज_जंक्शन

अण्णांना आदरांजली. बारदान वजा वाचून मोठ्यानं हसलो, मग नीट बसून पुन्हा वाचलं.

माझे आजोबा रेल्वेत. मिरज-पुणे मार्ग 1971 मध्ये ब्रॉडगेज झाला त्या काळातले. घरी मुलं रडत असली तर म्हणायचे, “सिग्नल मिळाला नाही अजून, थांब.” बाकी घराकडं बघायला त्यांना वेळ नसायचा आणि हौसही नव्हती. चांगला माणूस, पण आम्हाला कुणाला त्यांच्याबद्दल इतकं लिहिता येणार नाही. वाईट वाटलं थोडं.

अवांतर : यार्डातून येताना अण्णा भडंग आणायचे का? लसूण घातलेला की बिनलसणाचा? हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

---

हळकुंड

आणायचे की. शनिवारी. बिनलसणाचा, कडीपत्ता आणि शेंगदाणे भरपूर.

---

पोतं_आणि_हुक

मी यार्डाच्या बाजूलाच वाढलोय. वडील हमाल होते. धाग्यात एक गोष्ट राहिली ती घालतो, कारण तिच्याशिवाय अण्णांसारख्यांचं घर कळणार नाही.

सुरुवातीला या लोकांना महिन्याचा पगार नव्हता. पोत्यामागं पैसे. माल आला तर पैसे, नाही आला तर यार्डात पत्ते. पाठ गेली तर घरी बसा. 1969 मध्ये माथाडी कायदा आला. त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत मंडळं झाली. व्यापाऱ्यानं मजुरी मंडळात भरायची, वर लेव्ही भरायची, आणि त्या लेव्हीतून प्रॉव्हिडंट फंड, बोनस, रजेचा पगार. कागदावर साधं दिसतं. त्यासाठी मोर्चे किती निघाले ते जुन्या लोकांना विचारा. तोलाईवरून तर अजूनही दर काही वर्षांनी वाद होतो, की काटे इलेक्ट्रॉनिक झाले, आता तोलाईदार कशाला?

माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो. काट्यावरचा माणूस कुणाचा, यावर शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. पोत्यामागं पाव किलो इकडं की तिकडं, हे बोट टेकवण्यावर असायचं. तुमच्या अण्णांना मी ओळखत नाही, पण जो माणूस इतकी वर्षं हळदीच्या काट्यावर टिकला आणि ज्याला म्हातारपणी यार्डात चहा पाजायला शेतकरी थांबायचे, तो कसा असेल ते कळतं.

---

हळकुंड

चहाचं तुम्हाला कसं कळलं? मी तर लिहिलं नव्हतं!

---

पोतं_आणि_हुक

सगळ्याच चांगल्या तोलाईदारांना पाजतात. 🙂

---

हळकुंड

फंडाचं अगदी बरोबर. आमच्या घराचा मागचा सोपा आणि वरची खोली त्यातूनच झाली. अण्णा निवृत्त झाल्यावर पैसे आले, आणि अर्धे आधीच कुणाकुणाच्या नावावर लिहून ठेवलेले होते. वहीत. आजीच्या नावासमोर ‘पाटल्या’. त्या मात्र झाल्या नाहीत, मध्ये काकांचं आजारपण आलं.

---

रसायनवाल्या_बाई

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पिवळ्या कपड्यांशी अडले. हळदीचे डाग साबणानं धुवायला गेलं की लाल होतात हे तुमच्या आजींना रोज दिसत असणार. हळदीतलं कुरक्युमिन अल्कलीत गेलं की लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही याच कारणानं. आणि उन्हात तोच रंग विटतो. कपडे धुवून कडक उन्हात टाकले की संध्याकाळपर्यंत बरंच पिवळं निघून जातं.

आजी काय करायच्या हे जाणून घ्यायला आवडेल.

---

हळकुंड

आजी आधी कपडे कोरडेच झटकायची, मग नुसत्या पाण्यातून काढून परड्यात उन्हात, दुपारी उलटे करून पुन्हा. साबण दुसऱ्या दिवशी. नव्या सुनेनं एकदा थेट साबण लावला आणि अण्णांचं धोतर गुलाबी झालं. अण्णा तेच नेसून यार्डात गेले. म्हणे, “रंगपंचमी लवकर आली.”

---

स्पष्टच_बोलते

लिखाण छान. पण ‘त्यावर नंतर येते’ म्हणालात आणि आला नाहीत. एक भाकरी जास्त कुणी थापली? पिवळं धोतर रोज कुणी उलटं केलं? आजोबांना घर आवडायचं, मान्य. आवडायला काय जातं? आपल्याकडं घर आवडणाऱ्या पुरुषाचं केवढं कौतुक होतं, आणि घर चालवणाऱ्या बाईबद्दल धाग्यात आत्तापर्यंत साबण सोडून काही नाही.

आणि एक. माणूस गेला की सगळेच आजोबा चांगले होतात. राग मानू नका.

---

हळकुंड

राग नाही. तुमचा प्रतिसाद काल रात्री आजीला वाचून दाखवला. आजी आहे आमची, 79 वर्षांची, कानानं कमी.

आजी हळद निवडायला जायची, म्हणून पहाटे निघायची. गोदामात बायका बसून हळकुंडं वेगळी, गड्डे वेगळे, कणी वेगळी करतात. दिवसभर उकिडवं बसून. संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला हात. पाणी मात्र अण्णा भरायचे. नळाला पाणी अवेळी यायचं तेव्हा तेच उठायचे. सकाळचा चहा ते करायचे. एवढंच. भाकरी त्यांनी आयुष्यात कधी थापली नाही.

तर आजीला विचारलं, दहाव्याला सगळे म्हणाले अण्णा झिजले, तुला काय वाटतं? आजी म्हणाली, “ते कुटं झिजलं? झिजले मी. त्यांचं मजेत चाललं हुतं.”

मग म्हणाली, “पण बाहेर कुटं मन रमवलं न्हाई त्यांनी. आमच्या गल्लीत तेवढंबी कुणाचं नव्हतं.”

चेष्टेत म्हणाली का खरंच, ते मला कळलं नाही.

---

स्पष्टच_बोलते

आजींना माझा नमस्कार सांगा. मूळ धाग्यापेक्षा त्यांची दोन वाक्यं भारी आहेत.

---

मिरज_जंक्शन

+1. धाग्याचं नाव बदला आता.

---

संगमाकाठी

हरिपूरचा आहे, म्हणून माझ्या गावाचं सांगतो. हळकुंडताई, तुमच्या अण्णांना आमच्याकडची पेवं माहीत असणारच. इतर वाचकांसाठी लिहितो. आमच्या गावाच्या मातीत वीस-पंचवीस फूट खोल खड्डे असायचे, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं पाला, शेण वगैरेचं अस्तर करायचं, हळद भरायची, तोंड मातीनं बंद. आत हवा नाही म्हणून कीड नाही. वर्षानुवर्षं माल तसाच राहायचा. भाव आला की उघडायचं. सांगलीची हळदपेठ मोठी झाली त्यात या पेवांचा वाटा मोठा.

उघडल्यावर लगेच उतरायचं नाही हा नियम. आत कोंडलेल्या वायूनं माणसं मेलेली आहेत. तोंड उघडून ठेवायचं, मग कंदील खाली सोडायचा. विझला तर अजून थांबायचं.

2005 च्या पुरात बरीच पेवं गेली, आतल्या हळदीसकट. नंतर गोदामं आणि कोल्ड स्टोरेज आली. आता गावात पेव दाखवा म्हटलं तर शोधावं लागतं. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा पेपरात बरंच छापून आलं, पण तोवर पेवांचा काळ सरला होता.

---

हळकुंड

कंदिलाचं अण्णा सांगायचे! दहावीचा निकाल लागला त्या दिवशी माझे मार्क कुणालाच विचारू दिले नाहीत. आई सारखी येऊन बघत होती. अण्णा म्हणाले, “आदी जेवू दे. कंदील सोड, मग उतर.” मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

(61 टक्के होते. जेवण झाल्यावर सांगितले.)

---

पाटणचा_पाहुणा

सातारा जिल्ह्यातून हजेरी. आमच्या आजोबांच्या आठवणीत एकच तारीख पक्की होती, 11 डिसेंबर 1967. कोयनेचा भूकंप. पहाटे चारच्या पुढं. आमचं घर कोयनानगरच्या जवळ. आजोबांनी अंधारात हाताला लागेल ते पोर बाहेर फेकलं, अक्षरशः फेकलं, गवताच्या गंजीवर. माझे वडील त्यातले एक. सकाळी बघतात तर शेजारचंही एक पोर आमच्या गंजीवर. कसं आलं, कुणी फेकलं, शेवटपर्यंत कळलं नाही. ते काका पुढं आयुष्यभर आमच्याकडं दिवाळीला यायचे.

यापलीकडं आमच्या आजोबांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. तापट होते.

---

जेठा_गड्डा

मी ती थोरली चुलत बहीण. ‘लाभ’ मीच होते, वाद संपला.

धागा वाचून दोनदा रडले, आता जे लिहायचं ते लिहिते. धाकटे, तू लिहिलंस ते सगळं खरं. पण तू बारकी होतीस म्हणून तुला एक बाजू दिसली नाही, किंवा दिसली आणि तू लिहिली नाहीस.

अण्णांना माणसं आवडायची, आणि आवडती माणसं त्यांना हाताशी लागायची. तिन्ही आत्यांची स्थळं बघताना त्यांची एकच अट. सकाळी एसटीनं निघालं तर भेटून संध्याकाळपर्यंत परत येता आलं पाहिजे. एक तासगावला, एक विट्याला, एक इस्लामपूरला. नकाशावर घर मध्ये ठेवून वर्तुळ काढावं तसं. त्या वेळी सगळ्यांना याचं केवढं कौतुक.

तासगावच्या आत्याची मुंबईला नर्सिंगसाठी निवड झाली होती. पत्र आलं होतं घरी. अण्णांनी पाठवलं नाही. म्हणाले, “मिरजंत एवढं मोठं हॉस्पिटल हाय, थितं शिकवत्यात की, मुंबई कशाला?” मिरजेचा फॉर्म भरायचा म्हणेपर्यंत त्या वर्षीची तारीख गेली. पुढच्या वर्षी लग्न झालं. माझ्या बाबांना बाहेर नोकरी लागत होती तेव्हा अण्णा जेवायचेच नाहीत. ओरडायचे नाहीत, मारायचे नाहीत, नुसते ताटावरून उठायचे. शेवटी बाबांनी नोकरी सोडली. सांगलीतच दुकानात चिकटले आणि तिथंच रिटायर झाले.

हे सगळं प्रेमच होतं, मला मान्य आहे. पण त्याचं वजन त्यांनी कधी पुकारलं नाही.

---

स्पष्टच_बोलते

शेवटचं वाक्य चटका लावून गेलं.

---

नदीपल्याड

जेठाताई, मी उलट्या बाजूनं लिहितो. माझे आजोबा दिलदार, सगळ्यांना म्हणायचे, जा, शिका, कुठंही जा. आम्ही गेलो. आज मी कॅलिफोर्नियात, भाऊ सिंगापूरला, बहीण बंगळूरला. आजोबा गेले तेव्हा खांदा द्यायला शेजारी होते. त्यांनी आम्हाला अडवलं नाही याचा अभिमान सगळे सांगतात. मला कधीकधी वाटतं, जरा अडवलं असतं तरी चाललं असतं.

अर्थात अडवलं असतं तर मीच इथं येऊन तक्रारीचा धागा काढला असता.

---

हळकुंड

ताई, लिहिलंस ते बरं केलंस. काकांच्या नोकरीचं मला माहीत होतं. आत्याचं पत्र माहीत नव्हतं. आईला विचारलं तर आई म्हणाली, “ते आत्ता कशाला काढताय.” म्हणजे घरात सगळ्यांना माहीत होतं.

तरी मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. उलट तू जे लिहिलंस त्यानं तो पक्काच होतो. जो झिजतो तो इतरांना मोकळं करत जातो. अण्णांनी कुणाला मोकळं केलं नाही, कारण त्यांना माणसं हवी होती. स्वतःसाठी काही केलं नाही म्हणणारे म्हणूनच चुकतात. त्यांनी सगळं स्वतःसाठीच केलं, फक्त त्या ‘स्वतः’मध्ये आम्ही सगळे धरलेले होतो. कुणाला विचारून धरलं नव्हतं, हे तुझं बरोबर.

आणि एक गोष्ट कुणी लिहीत नाहीये म्हणून मी लिहिते. 2019 ला आम्ही सगळे बोटीतून बाहेर पडलो आणि गेलो ते तासगावलाच. आत्याच्या बेदाण्याच्या शेडमध्ये रॅकच्या मधल्या जागेत आमची अंथरुणं. पाणी उतरून घर धुवून होईपर्यंत सगळ्यांचं जेवण तिनं केलं. अण्णा रोज तिच्या ओट्यावर बसून रेडिओ ऐकायचे.

---

पोतं_आणि_हुक

वाचतोय. लिहीत राहा दोघीजणी.

---

संगमाकाठी

असेच म्हणतो.

---

जेठा_गड्डा

आत्याला फोन केला. तिच्याकडं मोबाइल आहे पण ती असलं काही वाचत नाही, म्हणून पूर्ण धागा वाचून दाखवला, तुमचे सगळ्यांचे प्रतिसादही. ती म्हणाली, मी सांगते तसं लिही, मध्ये तुझं घालू नको. तर हे तिचं :

“पत्र आलं होतं हे खरं. अण्णांनी पाठवलं नाही हे खरं. मी तेव्हा दोन दिवस बोलले नाही, मग बोलले. पुराच्या वेळी तुम्ही सगळे आलात तेव्हा मला बरं वाटलं हेही लिही, आणि कंबर मोडली हेही लिही.

“माझी पोरगी मुंबईला नर्सिंगला निघाली तेव्हा अण्णा सांगलीहून पहाटेच्या गाडीनं तासगावला आले. तिची ट्रंक स्वतः उचलली. म्हणाले, छत्तीस किलो, एवढं काय भरलंय. हॉस्टेलची पहिल्या वर्षाची फी त्यांनी दिली. कुणाला सांगू नको म्हणाले म्हणून मी सांगितली नव्हती. मला मात्र माझ्या पत्राबद्दल कधी काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. त्या दिवशी स्टँडवर विचारायचं मनात होतं, पण गाडी लागली.

“त्यांना चांगलं म्हणायचं की वाईट, ते तुम्ही पोरी ठरवा. मला स्वयंपाक आहे.

“आणि भडंगात लसूण असायचा. धाकटीला आवडत नव्हता म्हणून अण्णा तिच्या वाटचा आधी निवडून काढून ठेवायचे. तिला वाटतंय बिनलसणाचा आणायचे.”

---

मिरज_जंक्शन

मी पहिल्या प्रतिसादापासून म्हणत होतो, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

---

हळकुंड

😭 ताई, आत्याला सांग, येत्या रविवारी येतेय. आजीलाही आणते.

---

जेठा_गड्डा

ती म्हणतेय, किती जणं ते आधी कळवा.